फुकट साइट व्हिजिट: जेवण उत्तम, नाला गायब

त्र्यंबक रस्त्याला सातपूर मागे पडलं की होर्डिंगांची रांग लागते. 'सह्याद्रीच्या कुशीत', 'गोदामाईच्या उगमाशेजारी', 'वीकेंडचं हक्काचं घर'. त्यातल्याच एका कंपनीची मोफत साइट व्हिजिट करून आले, तिच्याबद्दल लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. नाव लिहिलं की लोक म्हणणार, ती एक कंपनी तसली, बाकीच्या चांगल्या. मला तरी त्यांच्यात फरक दिसतो तो बोर्डाच्या रंगाचा.

भाचा पुण्यात आयटीत आहे. हातात थोडे पैसे साठलेत आणि पोरांना माती दाखवायची आहे. मला म्हणाला, "मावशी, तू तलाठी होतीस. तू नुसते कागद बघ, बाकीचं मी बघतो." तलाठी म्हणजे ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते पद. माझी बरीचशी नोकरी दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यातल्या सजांवर, म्हणजे तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या गटांवर झाली. त्यामुळे कागद बघायला गेले आणि जमीनही बघून आले. सवय जात नाही.

सेवेपासून सुरुवात करते, कारण सेवा खरंच चांगली आहे. कॉलेज रोडवरून घ्यायला गाडी वेळेवर आली, एसी चालू, पाण्याच्या बाटल्या, मागच्या सीटवर उशी. ड्रायव्हर तिकडचाच मुलगा, शांत, ओव्हरटेकची हौस नसलेला. साइटवर उतरल्या उतरल्या ताक. रिसेप्शनच्या भिंतीवर वारली चित्रं काढलेली आहेत. दुपारी नागलीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, वरईचा भात आणि उडदाचं घट्ट वरण. गावातल्याच बायका चुलीवर करतात. नागलीची इतकी पातळ, न तुटलेली भाकरी शहरात पैसे देऊन मिळत नाही. जेवणाला पाचपैकी पाच, आणि त्या बायकांना कंपनी रोज काय देते ते मी विचारलं, तो आकडा ऐकल्यावर त्यातला एक तारा कापला.

मग आला एक्झिक्युटिव्ह. टाय, टॅबलेट आणि तोंडात 'काकू'. प्लॉट अकरा गुंठ्यांचे. अकराच का, याचं उत्तर त्याला पाठ होतं आणि ते बरोबरही होतं. तुकडेबंदीच्या कायद्यात २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीचा तुकडा कमीत कमी केवढा हवा ते माप बदललं, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे झालं. बोअर मारून जमीन बागायत दाखवली की दहाच्या वर एक गुंठा ठेवून तुकडा कायद्यात बसतो. एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, म्हणजे बारा हजार चौरस फुटांच्या जवळपास. "स्वतंत्र सातबारा, काकू. सामाईक नाही." हेही खरं. पूर्वी एका सातबाऱ्यावर चाळीस चाळीस अनोळखी माणसं सामाईकात घालून मोकळे व्हायचे, मग ती माणसं आयुष्यभर एकमेकांच्या सह्या शोधत फिरायची. इथे तसं नाही.

कागद मागितले, त्याने फाइलच पुढे ठेवली. सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, फेरफारांच्या म्हणजे मालकी बदलाच्या नोंदींच्या नकला, शोध अहवाल. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन. इतर अधिकाराच्या रकान्यात कर्जाचा बोजा नाही. मूळ खातेदार आदिवासी नाहीत, त्यामुळे महसूल संहितेच्या कलम ३६-अ चा प्रश्न येत नाही. त्या पट्ट्यात मी पहिल्यांदा तेच बघते, कारण तिथली पुष्कळ जमीन महादेव कोळी आणि ठाकर खातेदारांची आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर आदिवासीला घेता येत नाही. फेरफार प्रमाणित. जमिनीचे कागद स्वच्छ. इतकी नीट लावलेली फाइल मला नोकरीतही फार वेळा कुणी आणून दिली नाही.

घेणाऱ्याचे कागद मात्र स्वच्छ नाहीत. माझ्या भाच्याच्या नावावर कुठेच शेती नाही आणि कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. एक्झिक्युटिव्ह म्हणाला, "ते आमच्यावर सोडा. शेतकरी दाखल्याची सोय होते, त्याचे चार्जेस वेगळे." मी विचारलं, कुठल्या तालुक्यातून करता? तो हसला, ताकाचा दुसरा ग्लास मागवला.

दुसरा प्रश्न बंगल्याचा. ब्रोशरमध्ये अकरा गुंठ्यांवर दोन मजली बंगला आणि निळा तलाव काढलाय. शेतजमिनीवर शेतघर बांधायचं तर किमान ०.४ हेक्टर क्षेत्र लागतं, म्हणजे जवळजवळ एकर. अकरा गुंठ्यांत बसत नाही. "सगळे बांधतात, काकू." हे वाक्य मी खुर्चीवर असतानाही ऐकत आले आहे, त्यामुळे राग आला नाही. खालच्या बाजूचा टप्पा मात्र रीतसर बिनशेती (एनए) आहे, तिथे घर बांधता येईल, दरही त्याप्रमाणे. कायद्याचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

इथपर्यंत भाचा खूश होता. "म्हणजे एनए वाला घेऊ, मावशी." मी म्हटलं, थांब, गाव नकाशा बघू.

गाव नकाशा त्यांच्याकडे नव्हता. लेआउटचा नकाशा होता, रंगीत. माझ्याकडे होता, मी आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवला होता. त्या गटाच्या, म्हणजे नंबर दिलेल्या त्या जमिनीच्या मधोमध दोन रेघांचा नाला आहे, डोंगराच्या खांद्यावरून उतरतो, गटातून तिरपा जातो आणि खाली गावाच्या विहिरीच्या अंगाने ओढ्याला मिळतो. लेआउटवर नाला नाही. त्या जागी 'सेंट्रल बुलेव्हार्ड' आहे. प्रत्यक्ष जागेवर गेलो तर रस्त्याकडेला दोन फुटी सिमेंटचं गटार, सरळ रेषेत कंपाउंडपर्यंत, आणि कंपाउंडच्या बाहेर पाणी फेकून दिलेलं.

महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नाले, ओढे, सार्वजनिक वाटा सरकारच्या मालकीच्या असतात. सातबाऱ्यावर तेवढं क्षेत्र पोटखराब (ब) मध्ये, म्हणजे लागवडीबाहेरच्या क्षेत्रात जातं. पोटखराबाचे दोन वर्ग: (अ) म्हणजे खडकाळ, उताराचं, लागवडीला न येणारं, (ब) म्हणजे नाला, वाट, स्मशान असं सगळ्यांचं. दोन्हींवर आकारणी, म्हणजे शेतसारा, शून्य. गंमत बघा, आता साइटवरचे सगळ्यात महाग प्लॉट कुठले? 'व्हॅली व्ह्यू'. वरच्या अंगाचे, खडकाचे, करवंदीच्या जाळ्यांचे. म्हणजे माझ्या खात्याने शंभर वर्षं ज्या तुकड्याला काहीच किंमत लावली नाही, तोच गुंठ्याला सर्वांत चढ्या भावाने विकतात. खात्याने महसूल मोजला, कंपनी नजारा मोजते. त्या तुकड्याचं खरं काम कुठल्याच रकान्यात नाही.

ते काम पाण्याचं. आपले डोंगर काळ्या पाषाणाच्या एकावर एक थरांचे. घट्ट थरात पाणी शिरत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि भेगांचा थर, तेवढ्यात मुरतं, दोन थरांच्या सांध्याशी थबकतं आणि उताराला कुठेतरी झिरा होऊन बाहेर येतं. म्हणजे साठवण मुळात थोडी, आणि ती सगळी वरच्या कातडीत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास. तरी टँकर मागायची वेळ त्याच घाटमाथ्याच्या पाड्यांवर येते, कारण पडलेला पाऊस धरून ठेवणारी जागा फार कमी आहे. पोकलेन नेमकी तीच खरवडते. इथे उताराचे सपाट टप्पे केलेत, मुरूम उचलून खाली भराव टाकलाय, वर परदेशी गवताची लॉन. करवंद, सादडा काढून कडेने बॉटल पाम. 'आम्ही ५०१ झाडं लावली' असा बोर्ड आहे, मोजायला मी गेले नाही.

लॉनला पाणी बोअरचं. "साडेतीनशेवर भरपूर लागलंय." २००९ च्या भूजल कायद्याप्रमाणे शेतीसाठी वा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. एक्झिक्युटिव्ह म्हणाला, लॉन म्हणजे शेती नाही. मग सातबाऱ्याला बागायत कशाच्या जोरावर म्हणता, असं विचारल्यावर तो फोनवर बोलायला बाहेर गेला.

परत आल्यावर त्याने घाई लावायला सुरुवात केली, आणि तिथे त्याला दाद दिली पाहिजे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आता मुंबईकर येतील. सिंहस्थ तोंडावर आहे, भाव चढतील. मी विचारलं, पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात तुमचं गाव आहे का? गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा, पहिला मसुदा २०१४ मध्ये निघाला आणि जुलै २०२४ मध्ये सहावा. तो म्हणाला, "अजून फायनल नाही ना, काकू. म्हणूनच आत्ता घ्या." डोंगर वाचवायचा मसुदा लांबतो आहे, तर तोच विक्रीचा मुद्दा! २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा नाशिकभर लोक हळहळले. त्यांतले किती जण तेव्हाही पायथ्याचा प्लॉट शोधत असतील, असं उगाच मनात आलं.

परतीला ड्रायव्हर मोकळा झाला. मी तलाठी होते हे कळल्यावर 'मॅडम' म्हणायला लागला. जमीन त्याच्याच चुलत्याची होती. मी मनात तयारी केली होती की आता फसवणुकीची गोष्ट ऐकायला मिळणार. तसं काही नव्हतं. नागली, वरई, थोडी खुरासणी. चांगल्या वर्षीही बी-बियाणं आणि मजुरी जाऊन हातात फार राहत नव्हतं. कंपनीने बोललेला भाव दिला, चेकने दिला. चुलत्याने मुलीचं लग्न केलं, पक्कं घर बांधलं, आणि पुतण्याला ही गाडी घेऊन दिली, तीच कंपनीला लावलीय. तो माणूस पस्तावलेला नाही. शहरात बसून त्याला 'जमीन आई आहे, विकू नको' सांगायला मी जाणार नाही. आईने पोट भरलं नाही तर लेकराने काय करायचं?

मग मी विचारलं, गावाच्या विहिरीचं काय? तो म्हणाला, "पहिलं होळीनंतरही रहायचं पाणी, मॅडम. आता त्याआधीच तळ दिसतो. पाड्यावरच्या बाया झिऱ्यावर जायच्या, तो झिरा आत गेला, गेटात." गुरांची वाटही त्याच गटातून वर जायची. आता वळसा घालून डांबरी रस्त्याने न्यावी लागतात. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, कोण मागणार, प्रत्येक घरातलं कुणीतरी कंपनीत आहे. कुणी माळी, कुणी वॉचमन, कुणी स्वयंपाकाला.

भाच्याला मी हेच सांगितलं. खरेदीखतावर देणाऱ्याची सही असते, घेणाऱ्याची असते, दोन साक्षीदारांची असते. इथे देणारा राजी, घेणारा राजी, मुद्रांक शुल्क भरलेलं. व्यवहार दोघांपुरता चोख आहे. त्याचा भार पडतो तो ज्यांची कुठेच सही नाही अशांवर. पाड्यावरच्या बायकांनी काही विकलं नाही, त्यांना कुणी पैसे दिले नाहीत, तरी त्यांची पाण्याची खेप लांबली. गटाच्या हद्दी आपण काढल्या, पाणी हद्दीने चालत नाही. एकाला सातबारा मिळाला म्हणजे डोंगराच्या उतारावर वाटेल ते करायचा परवाना मिळाला, असं कायदाही म्हणत नाही, पण कायद्याला विचारतो कोण.

त्यावर भाच्याने मला बरोबर कोपऱ्यात धरलं. "मावशी, तुझा फ्लॅट इंदिरानगरला आहे. तिथे काय आधीपासून फ्लॅट होते?" नव्हते. शेतीच होती. गंगापूर रोडला द्राक्षाचे मळे होते, मखमलाबादला पेरूच्या बागा अजून थोड्या आहेत. शहर कुठेतरी वाढणारच. पण आमच्या सोसायटीत वीस गुंठ्यांत साठ कुटुंबं राहतात, बारा महिने राहतात, मुलं शाळेत जातात, सांडपाणी पालिकेच्या गटारात जातं. तिकडे अकरा गुंठ्यांत एक कुटुंब, तेही जमलं तर महिन्यातून एखादा शनिवार-रविवार, आणि उरलेले दिवस पाणी पिणार लॉन. जमीन कुणाची, यापेक्षा एका गुंठ्यावर किती जणांचं काय भागतं, हा हिशेब मला जास्त खरा वाटतो. त्याला तो पटला की नाही माहीत नाही, पण तो गप्प झाला. गप्प होणं म्हणजे पटणं नव्हे, हे मी ग्रामसभांत शिकले आहे.

अशी जागा घ्यायचीच नाही का? माझं तसं म्हणणं नाही. सपाट माळावर, आधीच रस्ता असलेल्या ठिकाणी, गावठाणाला लागून घ्या. गाव नकाशा स्वतः काढा आणि लेआउटवर ठेवून बघा. नाला, पायवाट, गाडीवाट यांतलं एक जरी नाहीसं झालं असेल तर पुढचं बोलणं थांबवा. उतार कापलेला असेल तर पावसाळ्यात एकदा जाऊन बघा, म्हणजे भराव किती वाहून जातो ते कळेल. कंपन्या व्हिजिट दिवाळीनंतरच ठेवतात ते उगाच नाही. बोअरची खोली विचारा आणि गावातल्या विहिरीत उन्हाळ्यात डोकावून या. गावातल्याच कुणाकडून जुनी विहीर असलेला तुकडा रीतसर घेऊन त्यात नागली नाही तर निदान आंबे लावणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांनी कुंपण काटेरी झुडपांचं ठेवलं आणि गुरांची वाट तशीच सोडली. त्यांच्या ब्रोशरला फोटो चांगले आले नसते, एवढं खरं.

एक आठवण सांगायची राहिली. त्याच रस्त्याला अंजनेरी आहे. तिथल्या कड्यांवर कंदीलपुष्पाची एक जात उगवते, सेरोपेजिया अंजनेरिका, अंजनेरीच्याच नावाची. पावसाळ्यात काही आठवडे फुलते. एक्झिक्युटिव्हला विचारलं तर म्हणाला, "लँडस्केपिंगमध्ये लावून देऊ, नर्सरीत सांगतो." बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

आता तारे. जेवणाला चार, एक का कापला ते वर लिहिलंय. गाडीला आणि ड्रायव्हरला पाच. त्याचं नाव मला विचारू नका, त्याची गाडी अजून कंपनीलाच लागलेली आहे. जमिनीच्या कागदांना चार. माहिती देण्याच्या प्रामाणिकपणाला दोन, तेही मुलगा तरुण आहे म्हणून. जागेला एक.

बुकिंगचे एक्कावन्न हजार भाच्याने अजून दिलेले नाहीत. आठवड्याला फोन येतो, हल्ली माझ्याच नंबरवर. मी प्रत्येक वेळी नाला वळवल्याच्या परवानगीची नक्कल मागते. "व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो, काकू," म्हणतात आणि सूर्यास्ताचे फोटो टाकतात. परवाच्या मेसेजमध्ये व्हॅली व्ह्यूचा दर गुंठ्यामागे पंचवीस हजारांनी वाढल्याचं कळवलंय.